विरजण : आंबविलेल्या अन्नाचा देशोदेशींचा संसार

मराठी भाषेंत एखाद्याच्या उत्साहाचा भंग झाला म्हणजे त्यावर 'विरजण पडलें' असें आपण म्हणतों. हा वाक्प्रचार ज्यानें कोणी प्रथम रूढ केला असेल, त्यानें विरजणावर मोठाच अन्याय केला आहे. दुधावर विरजण पडलें म्हणजे दुधाचा नाश होत नाहीं. उलट, वैशाखाच्या उन्हाळ्यांत जें दूध संध्याकाळपर्यंत नासून जावयाचें, तेंच दुसऱ्या दिवशीं सकाळीं घट्ट, रुचकर व पचावयास हलकें असें दहीं होऊन पानांत येतें. दूध नासणें आणि दूध विरजणें या दोन्ही क्रिया डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंच्याच होत. भेद एवढाच कीं, नासण्यांत ते आपल्या मर्जीनें शिरतात आणि विरजण्यांत घरची गृहिणी त्यांस निवडून बोलावून आणते.

आपल्या भाषेनें हा भेद फार बारकाईनें टिपला आहे. दूध विरजतें, पीठ आंबतें, रस फसफसतो. परंतु वरण विटतें, लोणचें बुरसतें आणि भाजी कुजते. यांतील पहिलीं क्रियापदें स्वयंपाकघरांत समाधानानें उच्चारलीं जातात व शेवटचीं कपाळास आठ्या घालून. सूक्ष्मदर्शक यंत्राचा शोध लागण्याच्या कितीतरी आधींपासून केवळ वास, चव व स्पर्श यांच्या बळावर आपल्या पणज्या-खापरपणज्या ही पारख करीत आल्या. हें ज्ञान ग्रंथांत फारसें उतरलें नाहीं. तें सासूच्या हातून सुनेच्या हातांत गेलें.

हा विषय आज मुद्दाम घेण्याचें कारण असें कीं, सुशिक्षित घरांत याविषयीं दोन टोकांचीं मतें एकाच छपराखालीं नांदतांना दिसतात. एका पक्षास घरचें आंबवण म्हणजे कटकट वाटते; दह्याचा डबा व इडलीचें तयार पीठ दुकानांत मिळत असतां विरजण जपण्याचा खटाटोप कशाला, असें तो विचारतो. दुसरा पक्ष जाहिराती वाचून इतका भारावलेला असतो कीं, आंबविलेलें काहींहि खाल्लें असतां बद्धकोष्ठापासून उदासीनतेपर्यंत सर्व व्याधि दूर पळतात अशी त्याची श्रद्धा झालेली असते. पहिला अवहेलना करतो, दुसरा भाबडी भक्ति करतो; आणि या ओढाताणींत एक जुनी विद्या मात्र घराबाहेर चालली आहे. तिच्यांत खरें हित किती, भ्रम किती आणि धोका कोठें, याचा शांतपणें विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आंबणें म्हणजे काय ?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ आंबण्याच्या क्रियेस निव्वळ रासायनिक विघटन समजत असत. १८५७ सालीं फ्रान्समधील लील शहरीं काम करीत असतां लुई पाश्चर यानें दूध आंबट होण्याच्या क्रियेवर आपला प्रसिद्ध निबंध सादर केला व या क्रियेच्या मागें जिवंत सूक्ष्म जीव असतात असें प्रतिपादिलें. हे जीव अन्नांतील शर्करा खातात व तिचें आम्लांत रूपांतर करतात. दह्यांतील या आम्लास लॅक्टिक ॲसिड अथवा दुग्धाम्ल म्हणतात. नांवावरून तें दुधांतच होतें असें वाटेल. परंतु कोबीच्या भाजींत, तांदळाच्या पिठांत, मिठांत मुरलेल्या आवळ्यांतहि तेंच उत्पन्न होतें.

या आम्लाचें महत्त्व असें कीं, तें एका जातीच्या जंतूंचें घर बांधतें व दुसऱ्या जातींचें मोडतें. अन्न पुरेसें आंबट झालें म्हणजे त्यांत रोगकारक जंतु सहसा वाढूं शकत नाहींत. मीठ घातलें, हवा कोंडली व आंबटपणा लवकर वाढूं दिला, कीं इष्ट जंतूंचें राज्य प्रस्थापित होतें. किंबहुना आंबवण्याची सर्व कला म्हणजे प्रथम कोण शिरतो या शर्यतींत चांगल्यांस पुढें काढणें, हीच होय. विरजण लावणें म्हणजे चांगल्या जंतूंची मोठी फौज आधींच आंत सोडणें. म्हणूनच जुनें, बुळबुळीत विरजण वापरलें तर दहीं बिघडतें.

इडलीच्या पिठास आपण विरजण लावीत नाहीं, तरीहि तें फुगून वर येतें, याचें पुष्कळांस नवल वाटतें. ल्यूकोनॉस्टॉक नांवाचे जंतु उडदाच्या डाळीबरोबरच घरांत आलेले असतात. ते आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड वायुहि सोडतात, आणि उडदाचा चिकटपणा तो वायु धरून ठेवतो. नुसते तांदूळ वाटून ठेवले तर तेहि आंबतात, परंतु इडलीसारखे फुगत नाहींत, याचें रहस्य हेंच.

देशोदेशींचीं आंबवणें

पृथ्वीच्या पाठीवर बहुतेक सर्व समाजांनीं आपापल्या गरजेनुसार ही विद्या साधली आहे. गरज कोणती, हें पाहिलें म्हणजे पदार्थाचें मर्म कळतें.

उत्तर युरोपांत हिवाळ्यांत ताजी भाजी मिळेनाशी होई. म्हणून तेथील लोकांनीं कोबी बारीक चिरून, मिठांत दाबून, महिनेच्या महिने टिकविण्याची युक्ति काढली. जर्मन लोक त्यास सॉअरक्राउट म्हणतात. या कोबीनें दर्यावर्दी इतिहासांतहि नांव कमावलें आहे. दीर्घ सफरींत खलाशांच्या हिरड्या सुजून, रक्त येऊन माणसें मरत. 'क' जीवनसत्त्वाच्या अभावानें होणारा हा स्कर्व्ही रोग होय. कॅप्टन जेम्स कुक १७६८ सालीं 'एन्डेव्हर' जहाजावर निघाला, तेव्हां त्यानें आंबविलेल्या कोबीचीं पिंपेंच्या पिंपें बरोबर घेतलीं. खलाशी तो कोबी खावयास तयार होईनात. तेव्हां कुकनें हुकूम न सोडतां एक साधी युक्ति केली: तो पदार्थ रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर मांडण्यास त्यानें सुरुवात केली. वरिष्ठ जें आवडीनें खातात तें उत्तमच असलें पाहिजे, असें खलाशांस वाटूं लागलें व थोड्याच दिवसांत कोबी मापून देण्याची पाळी आली. कुक बंदरोबंदरीं ताजा पालाहि गोळा करीत असे, त्यामुळें सारें श्रेय एकट्या कोबीस देतां येणार नाहीं. परंतु मुलांस नवा पदार्थ खावयास कसा लावावा, याचा धडा मात्र आपल्या गृहिणींनीं या कप्तानाकडून अवश्य घ्यावा.

कोरियांत हिवाळा असाच कडक. तेथें शरद ऋतूच्या अखेरीस आप्त व शेजारी एकत्र जमून कोबी व मुळे यांची किमची घालतात. आपल्याकडे उन्हाळ्यांत पापड-कुरडयांसाठीं आळींतल्या बायका जशा एकत्र येत, तसाच हा सोहळा. त्यास किमजांग म्हणतात. युनेस्को संस्थेनें २०१३ सालीं त्याची मानवजातीच्या अमूर्त वारशांत गणना केली. किमचीस लाल रंग देणारी मिरची आपल्याप्रमाणेंच कोरियांतहि मूळची नव्हे. ती अमेरिका खंडांतून तेथें पोहोंचली. सामान्य किमचींत मासळीचा अंश असतो, हें शाकाहारी वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; परंतु तेथील बौद्ध मठांत मासळीच नव्हे, तर कांदा व लसूणहि वर्ज्य करून किमची घालतात. चातुर्मास पाळणाऱ्या घरांस ही गोष्ट आपलीशी वाटेल.

जपान व इंडोनेशिया यांची गरज निराळी. तेथें प्रथिनांसाठीं सोयाबीन हें मोठें साधन. परंतु तें दाणे शिजावयास कठीण व पचावयास जड. जपानी लोकांनीं 'कोजी' नांवाच्या उपयुक्त बुरशीच्या साहाय्यानें मिसो व सोयाचा रस सिद्ध केला. या बुरशीवर त्यांचें इतकें प्रेम कीं, २००६ सालीं तेथील मद्योत्पादनशास्त्राच्या मंडळानें तिला 'राष्ट्रीय बुरशी' असा मान दिला. त्यांचा नाट्टो हा तारा सुटणारा, उग्र वासाचा पदार्थ एका जंतूच्या योगानें होतो. त्याचीं भावंडें आपल्याच देशांत आहेत, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. सिक्कीममधील किनेमा, मणिपुरांतील हवाइजार आणि नागालँडांतील अखुनी हे सर्व याच कुळांतले. जावा बेटांत शिजविलेल्या सोयाबीनवर पांढरी बुरशी चढवून टेंपे नांवाची वडी करतात. तिच्यांत मिठाचा कणहि नसतो व ती शिजवून किंवा तळून खातात.

आफ्रिका खंडांत तर या विद्येनें प्रत्यक्ष विष उतरविलें आहे. आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावा तेथील कोट्यवधि लोकांचें मुख्य अन्न होय. त्याच्या कडू जातींत सायनाइड उत्पन्न करणारें द्रव्य असतें. नायजेरियांतील बायका तो कंद किसतात, पोत्यांत भरून दडपणाखालीं दोन-तीन दिवस आंबवितात, पाणी निथळूं देतात आणि मग कीस भाजून गारी नांवाचा रवा करतात. किसणें, आंबविणें, पिळणें व भाजणें या प्रत्येक पायरीस विष कमी होत जातें. इथिओपियांत टेफ नांवाच्या अतिबारीक धान्याचें पीठ दोन-तीन दिवस आंबवून इंजेरा नांवाची मोठी, जाळीदार पोळी करतात. आपल्या आंबोळीची ती दूरची बहीणच. मागच्या खेपेचें आंबट पाणी पुढच्या पिठास लावण्याची त्यांची रीत म्हणजे आपलें विरजणच नव्हे काय ?

आपलें घर

आपल्या धर्मशास्त्रानें आंबलेल्या अन्नाकडे संशयानें पाहिलें आहे. मनुस्मृतींत 'शुक्त', म्हणजे आंबून पालटलेले पदार्थ, वर्ज्य सांगितले आहेत. परंतु त्याच ठिकाणीं दहीं, दह्यापासून झालेले पदार्थ व कांहीं शुभ फुलें, मुळें आणि फळें यांपासून केलेलीं संधानें यांस अपवाद दिला आहे. सर्व आंबट तें त्याज्य, असें न म्हणतां कोणतें चालेल व कोणतें चालणार नाहीं याचा विवेक शास्त्रकारांनीं केला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. वैद्यकानेंहि तोच विवेक ठेवला. चरकसंहितेंत दहीं रात्रीं खाऊं नये, तापवून खाऊं नये असे निर्बंध आहेत. परंतु ग्रहणी व मूळव्याध यांसारख्या विकारांत ताकाची मोठी प्रशंसा आहे. द्राक्षासव, दशमूलारिष्ट इत्यादि आसवारिष्टें तर धायटीच्या फुलांच्या साहाय्यानें आंबवूनच सिद्ध होतात.

जी इडली आज घरोघर झाली आहे, तिचा इतिहासहि मनोरंजक आहे. इ. स. ९२० च्या सुमाराच्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथांत तिचा उल्लेख येतो, आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या सुमारें ११३० मधील संस्कृत ग्रंथांतहि ती आढळते. मात्र अन्नेतिहासकार के. टी. अचया यांनीं दाखविल्याप्रमाणें ती जुनी इडली नुसत्या उडदाची होती. तांदूळ व रात्रभर आंबविणें यांचा तेथें उल्लेख नाहीं.

महाराष्ट्राच्या घरांत दहीं-ताकाखेरीज आंबवण नाहीं, असें कोणी म्हणूं लागला तर त्यास दिवाळीचा अनारसा दाखवावा. तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलावयाचें, ते सुकवून कुटावयाचे व गूळ मिसळून पीठ मुरूं द्यावयाचें, हा सारा आंबवणाचाच विधि होय. कुरडयांसाठीं गहूं तीन दिवस भिजवून काढलेला चीक, जिलबीचें पीठ, ज्वारी-नाचणीची ताकांतील आंबील, आंबट ताकांत मुरवून वाळविलेली सांडगी मिरची, तळकोंकणांतील आंबोळी, गोव्याकडील माडीवर फुगविलेलें सान्न, हीं सर्व त्याच विद्येचीं रूपें. ओरिसांतील पखाळ व बंगालांतील पांताभात यांत तर उरलेला भातच पाण्यांत रात्रभर ठेवून सकाळीं खातात.

मात्र प्रत्येक आंबट पदार्थ आंबविलेला नसतो. आपलें कैरीचें फोडणीचें लोणचें मुख्यतः मीठ, तेल, मोहरी व कैरीची अंगची आंबटाई यांवर टिकतें. चिंचेचें सार, लिंबाचें ताजें लोणचें यांत जंतूंचें कार्य जवळजवळ नसतेंच. तेव्हां 'आम्ही रोज लोणचें खातों, आम्हांस दह्याची गरज काय ?' असें म्हणणाऱ्यानें आपली समजूत तपासून पाहावी.

दीर्घायुष्याचें स्वप्न

आंबविलेल्या अन्नाचा आजचा बोलबाला सुरू झाला तो पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतून. एली मेचनिकॉफ हा तेथील शास्त्रज्ञ रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल १९०८ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटेकरी झाला. मोठ्या आंतड्यांत अन्न कुजून उत्पन्न होणारीं विषें म्हातारपण ओढवून आणतात, आणि बल्गेरियांतील शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात, असें त्याचें मत होतें. त्यापूर्वींच १९०५ सालीं स्टामेन ग्रिगोरॉफ या तरुण बल्गेरियन वैद्यानें जिनीव्हा येथें त्या दह्यांतील मुख्य जंतु शोधून काढला होता. मेचनिकॉफनें आंबट दूध पिण्याचा क्रम स्वतः पुष्कळ वर्षें चालविला व १९१६ सालीं ७१ व्या वर्षीं तो निवर्तला.

पुढील संशोधनांत असें आढळलें कीं, दह्यांतील हा बल्गेरियन जंतु मनुष्याच्या आंतड्यांत कायमचा बिऱ्हाड करून राहत नाहीं. तो पाहुण्यासारखा येतो व जातो. मेचनिकॉफची उपपत्ति जशीच्या तशी टिकली नाहीं. तथापि आंतड्यांतील जंतूंचा आपल्या आरोग्याशीं संबंध आहे, हा त्याचा मूळ विचार आज जगभर संशोधनाचा विषय झाला आहे.

निश्चित काय सांगतां येईल ?

पहिली गोष्ट दुधाच्या पचनाची. प्रौढपणीं पुष्कळांस दुधांतील शर्करा पचत नाहीं. दूध घेतलें कीं पोट फुगतें. दह्यांतील जंतु त्या शर्करेचा कांहीं भाग आधींच खातात व उरलेली पचविण्यास पोटांतहि मदत करतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें आरोग्यविषयक शेंकडों दावे पुराव्याअभावीं फेटाळले, परंतु हा दावा २०१० सालीं मान्य केला. अट एवढीच कीं, दह्याच्या दर ग्रॅमांत निदान दहा कोटि जिवंत जंतु असले पाहिजेत.

दुसरी गोष्ट लोह व जस्त यांची. धान्यें व डाळी यांत फायटिक ॲसिड नांवाचें द्रव्य हीं खनिजें धरून ठेवतें व शरीरास मिळूं देत नाहीं. भिजविणें, मोड आणणें व आंबविणें यांनीं तें घटतें. शाकाहारी घरांतील मुली व बाळंतिणी यांच्या दृष्टीनें हा लाभ लहान नव्हे. आणि पदार्थ पुढें शिजविला तरी तो नाहींसा होत नाहीं.

तिसरी गोष्ट अद्याप बाल्यावस्थेंत आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत ३६ निरोगी प्रौढांवर १७ आठवड्यांचा एक प्रयोग झाला व २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्या गटानें १० आठवडे दहीं, किमची इत्यादि आंबविलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्याच्या आंतड्यांतील जंतूंच्या जातींची विविधता वाढली व शरीरांतील दाह दाखविणारीं १९ प्रथिनें रक्तांत घटलीं. निष्कर्ष आशादायक आहे. परंतु ३६ माणसांवरून साऱ्या मनुष्यजातीचें भविष्य वर्तवूं नये.

ओरिसांतील एक प्रयोग मात्र याहून फार मोठा. तेथील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांपैकीं निम्म्यांस एका निवडक जातीचा जंतु व त्यास पोषक अशी शर्करा सात दिवस देण्यांत आली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणें रक्तांत जंतुदोष होणें अथवा मृत्यु येणें यांचें प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर उतरलें. हा जंतु कोबीच्या व इतर भाज्यांच्या आंबवणांत आढळणाऱ्या जातीचाच भाईबंद. परंतु तो पारखून, मोजून, औषध म्हणून दिला होता. यावरून कोणी तान्ह्या मुलास दहीं चाटवूं लागेल तर तो अनर्थ होईल. पहिले सहा महिने मातेचें दूध हेंच बालकाचें अन्न.

भ्रम कोणते ?

इडली, ढोकळा, आंबोळी, कढी हे पदार्थ विस्तवावर चढले कीं त्यांतील जंतु मरून जातात. त्यांचे इतर गुण कायम राहतात, परंतु 'जिवंत जंतु मिळावेत म्हणून इडली खावी' असें म्हणणें व्यर्थ होय. २००८ सालीं कोरियाची पहिली अंतराळयात्री यी सो-यॉन आपल्याबरोबर किमची घेऊन गेली, तीहि जंतु मारूनच नेलेली होती.

याहून घातक भ्रम ब-१२ जीवनसत्त्वाविषयींचा आहे. आंबविलेल्या पिठांतून तें भरपूर मिळतें, अशी समजूत शाकाहारी घरांत फार आढळते. वस्तुतः सर्व जंतु हें जीवनसत्त्व तयार करीत नाहींत, आणि इडली-डोशावर त्यासाठीं विसंबून राहतां येत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळील खेड्यांतील गर्भवतींच्या केलेल्या दीर्घ अभ्यासांत सुमारें दोनतृतीयांश स्त्रियांच्या रक्तांत त्याचें प्रमाण कमी आढळलें. याच्या अभावानें रक्त क्षीण होतें, हातापायांस मुंग्या येतात, वृद्धांची स्मृति मंदावते. आणि उपचारास उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानि कायमची राहूं शकते. दूध व दहीं यांतून तें कांहीं प्रमाणांत मिळतें. परंतु संशय आल्यास रक्त तपासून वैद्याच्या सल्ल्यानें औषध घेणें हाच मार्ग. ज्या घरांत आजी 'वयच झालें' म्हणून गप्प बसते व सून 'थकवा आहे' म्हणून काम रेटते, त्या घरानें हा परिच्छेद पुन्हां एकदां वाचावा.

आणि धोका ?

आंबविण्याच्या नांवाखालीं अन्न कसेंहि पडूं द्यावें, असा याचा अर्थ नव्हे. १९२० ते १९९० या काळांत जावा बेटांत खोबऱ्याच्या चोथ्यापासून केलेल्या टेंपेनें पुष्कळ माणसें दगावलीं व अखेर तेथील सरकारास त्या प्रकारावर बंदी घालावी लागली. त्यांत एका जंतूपासून होणारें बोंगक्रेक नांवाचें विष असे. याच विषानें ऑक्टोबर २०२० मध्यें चीनच्या हेइलोंगजियांग प्रांतांत एका कुटुंबाचा घात केला. मक्याच्या आंबविलेल्या पिठाच्या शेवया त्या घरांत सुमारें वर्षभर बर्फाच्या कपाटांत ठेवलेल्या होत्या. कुटुंबाच्या मेळाव्यांत त्या शिजविण्यांत आल्या. ज्या नऊ जणांनीं खाल्ल्या ते नऊहि मृत्यु पावले. चव आवडली नाहीं म्हणून ज्या तिघां लहानांनीं ताट दूर सारलें, तेवढे वांचले. हें विष उकळल्यानें मरत नाहीं. 'चांगलें खदखदवूं म्हणजे झालें' हा आपल्या घरांतला नेहमींचा दिलासा येथें कुचकामी ठरतो.

दुसरा धोका मिठाचा. आशियांतील पारंपरिक पद्धतीच्या मुरविलेल्या भाज्यांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें १९९३ सालीं 'कर्करोगास कदाचित् कारण होणाऱ्या' वर्गांत घातलें आहे. रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनीं सांडगी मिरची, खारवलेले आवळे यांचा हात आखडता ठेवावा. नाट्टोमध्यें 'के' जीवनसत्त्व विपुल असल्यामुळें रक्त पातळ ठेवण्याचें वॉरफरिन हें औषध घेणाऱ्यांस तो वर्ज्य आहे. ज्यांची प्रतिकारशक्ति औषधांनीं क्षीण केलेली आहे, त्यांनीं वैद्यास विचारल्याशिवाय कच्चें आंबवण घेऊं नये.

घरीं काय करावें ?

मार्ग सोपा आहे. दूध नीट तापवून, बोट सोसवेल इतकें कोमट झाल्यावर, ताज्या दह्याचें थोडें विरजण लावावें व भांडें हालवूं नये. उन्हाळ्यांत चार-सहा तास पुरतात, थंडींत भांडें उबदार जागीं झांकून ठेवावें. दहीं लागलें कीं शीतकपाटांत ठेवावें. थंडीनें जंतु मरत नाहींत, मंदावतात. दुसऱ्या खेपेचें विरजण वापरण्यापूर्वीं निराळें काढून ठेवावें. दुकानचें दहीं घेतल्यास तें आंबविल्यानंतर पुन्हां तापविलेलें नाहीं ना, हें वेष्टनावर पाहावें. भाजी मिठांत घालतांना ती पाण्याखालीं बुडालेली असावी. वर हिरवी, काळी अथवा गुलाबी बुरशी दिसली, वास कुजका आला किंवा पीठ अनोळखी रंगाचें झालें, तर वरचा भाग काढून खालचा वांचविण्याचा मोह न धरतां सर्व टाकून द्यावें. काटकसर ही गृहिणीचें भूषण खरी. परंतु ती भांडभर पिठाची करावयाची, माणसांची नव्हे.

जेवणांत रोज वाटीभर ताजें दहीं अथवा पेलाभर ताक, आठवड्यांतून एक-दोन वेळां आंबविलेल्या पिठाचा पदार्थ, आणि त्यांबरोबर भाज्या, फळें व डाळी भरपूर, एवढें केलें तर या विद्येपासून मिळण्यासारखें जें आहे तें बहुतेक पदरांत पडतें. आंतड्यांतील जंतूंस नुसते पाहुणे धाडून भागत नाहीं. घरच्या मंडळींस जेवावयास घालावें लागतें, आणि त्यांचें अन्न म्हणजे भाजीपाल्यांतील व धान्यांतील चोथा.

विरजणाचें एक वैशिष्ट्य असें कीं, तें विकत घेऊन सांठवितां येत नाहीं. रोज थोडें वापरावें व रोज थोडें मागें ठेवावें, तरच तें चालू राहतें. एखादे दिवशीं घरचें संपलें तर शेजारणीकडून वाटींत आणावें, आणि तिचें संपलें तर आपण द्यावें, अशी आपल्याकडे रीत होती. घरांतील नव्या पिढीस, मुलींस तशीच मुलांसहि, हें काम एकदां समोर बसवून शिकवावें: दूध किती कोमट, विरजण किती, वास कसा ओळखावा, आणि कोणत्या क्षणीं 'हें आतां टाकावयाचें' असें म्हणावें. ही शेवटची गोष्ट कोणत्याहि डब्यावर छापलेली नसते. ती जाणत्या माणसानेंच शिकवावी लागते.